नकाशावर न आढळलेलं घर

पालिकेचा माणूस अकरा वाजता येणार होता, म्हणून थोरल्यांनी साडेआठलाच संडास लपवायला घेतला.

हा संडास म्हणजे घरामागे कुंपणाच्या भिंतीला टेकवून सात वर्षांपूर्वी एका रविवारात उभी केलेली, पत्र्याच्या छपराची खोली. नियमाप्रमाणे तिथे पाच फूट मोकळी हवा असायला हवी होती. थोरल्यांच्या मते हवा अजूनही होती, फक्त आत होती. त्यांनी शाळेतून निवृत्त होताना आठवण म्हणून उचलून आणलेली दोन पुस्तकांची कपाटं ओढत ओढत मागे नेली, ती संडासाच्या दाराला चिकटवून उभी केली आणि त्यांत सातवीच्या भूगोलाच्या चाळीस प्रती लावल्या. मग दहा पावलं मागे जाऊन कमरेवर हात ठेवून बघितलं.

"अजिबात ओळखू येत नाही," ते म्हणाले.

त्यांच्या धाकट्या भावाची बायको, घरातली धाकटी सून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघत होती. तिच्या बोटांना गुलाबी मेण लागलेलं होतं. ती कवळ्या बनवायची. शहरातले तीन दंतवैद्य तिच्याकडे लोकांच्या तोंडाचे साचे पाठवत आणि ती त्यात दात बसवून परत देई. हे काम चाले घरातल्या एकुलत्या एक जेवणाच्या टेबलावर, तेही टेबलाच्या एका कोपऱ्यावर, दीड वीत जागेत. चहाच्या कपात कवळी निघाल्याच्या त्या प्रसंगानंतर घरात जो तह झाला होता, त्यात तिला एवढीच जागा मिळाली होती.

"अगं, तिकडे तोंड करून उभी राहू नकोस," थोरली जाऊ म्हणाली. "तो माणूस आला की तुझी नजर बरोबर तिकडेच जाईल. तुझ्या चेहऱ्यावर सगळं छापलेलं असतं."

"मग कुठे बघू, वहिनी?"

"दातांकडे बघ. नाहीतरी दुसरं काय बघतेस!"

सुनेने दातांकडे बघितलं. खालचे पुढचे सहा, कुणा म्हातारीचे. निदान ते गप्प होते.

तिला या सगळ्यातून वर जायचं होतं. वर म्हणजे अक्षरशः वर, गच्चीवर. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, स्वतःचं टेबल आणि आतून कडी असलेलं एक दार. एवढ्यासाठी ती तीन वर्षांत पालिकेच्या बांधकाम विभागात चौदा वेळा जाऊन आली होती. तीन नंबरची खिडकी पाचकडे पाठवायची, पाच नंबरची परत तीनकडे. मधल्या चार नंबरवर 'चौकशी' असं लिहिलेलं होतं आणि ती कधीही उघडलेली कुणी बघितली नव्हती. अर्ज निळ्या शाईत केला तेव्हा काळी शाई लागत होती; काळ्या शाईत केला तेव्हा मूळ प्रत कुठली ते कळत नाही म्हणून निळी. शेवटी परवा कळलं की आता फक्त पाहणी उरली आहे. आहे ते घर जुन्या मंजूर नकाशाप्रमाणे आहे असं पालिकेच्या माणसाने लिहिलं की वरचा मजला मिळाला. तसं नाही असं लिहिलं की फाइल बंद.

म्हणून आज घरातल्या साऱ्यांची एकजूट होती. अशी एकजूट याआधी फक्त शेजाऱ्याच्या कुत्र्याविरुद्ध झाली होती.

"नीट ऐका," थोरल्यांनी सगळ्यांना मधल्या बोळात उभं केलं. ते हेडमास्तर होते. शाळेतून निवृत्त झाले होते, घरातून नाही. "साहेबांनी विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. विचारलं तर मी बोलेन. मला नाही विचारलं तरी मीच बोलेन. आक्का, तुझी खिडकी?"

"पडदा लावलाय," आक्का म्हणाली. आक्का म्हणजे मधली बहीण, मागच्या खोलीत राहायची. उभी हयात टेलिफोन कचेरीत लोकांचे फोन जोडण्यात गेली होती आणि दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची सवय नोकरी सुटली तरी सुटली नव्हती. तिने न विचारता शेजाऱ्याच्या बाजूला एक खिडकी फोडून घेतली होती, तीही त्याच कामासाठी. "पडद्यावर आरसा टांगलाय. आरशामागे खिडकी आहे असं कुणाला वाटणार?"

"बाळ, तू?"

बाळ म्हणजे सुनेचा नवरा. वय बेचाळीस. घरात वाद सुरू झाला की त्याला तहान लागायची.

"मी पाणी पितो," तो म्हणाला आणि गेला.

माणूस आला साडेबाराला. सडपातळ, तरुण, स्कूटरवरून उतरला तेव्हा काखेत नकाशाची गुंडाळी आणि हातात मोजायची टेप. सुनेने सवयीने त्याच्या दातांकडे पाहिलं. खाली गर्दी होती, पण स्वच्छ होते. असा माणूस पैसे मागत नाही, तिला वाटलं, म्हणजे तो जास्त त्रासदायक असणार.

"या साहेब, या! हे आमचं गरिबाचं घर," थोरले म्हणाले. "वडिलांनी बांधलं. विटेला वीट नियमात."

"काका, हे टोक जरा धराल?"

'काका' ऐकून थोरल्यांचा चेहरा पडला, पण त्यांनी टेपचं टोक धरलं. माणसाने दारात उभं राहून नकाशा उलगडला. नकाशाकडे पाहिलं. घराकडे पाहिलं. पुन्हा नकाशाकडे पाहिलं. मग तो बोळातून आत शिरला, उजवीकडच्या पहिल्या खोलीत गेला, तिच्यातून दुसऱ्या खोलीत गेला, आणि नकाशात बघत बघत तिसऱ्या खोलीत जायला निघाला तो थेट भिंतीवर आदळला.

"लागलं का?" वहिनी म्हणाल्या.

"इथे एक खोली कमी आहे," तो कपाळ चोळत म्हणाला.

खोली कमी असणं हा गुन्हा आहे की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. माणूस बोळ ओलांडून डावीकडे गेला. थोरल्यांचा भाग. एक खोली, दोन खोल्या, तीन खोल्या.

"आणि इथे एक जास्त आहे."

थोरल्यांच्या हातून टेप सुटली आणि सर्रकन जाऊन माणसाच्या हातात गुंडाळली गेली.

"जास्तीची म्हणाल साहेब," थोरले म्हणाले, "तर ती खोली नाहीच. ते ग्रंथालय आहे."

"कुठलं ग्रंथालय?"

"मागचं."

"मागे? उघड्यावर?"

"पुस्तकांना हवा लागते."

"त्याबद्दल मी विचारलंच नव्हतं," माणूस नम्रपणे म्हणाला.

इथे थोरल्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेल्या माणसाला आपल्या चुकीसोबत एकट्याने उभं राहायची सवय नसते. "मग खिडकीबद्दल विचारत असाल," ते म्हणाले, "तर ती आक्काची. माझा विरोध होता."

"माझी?" आक्का उसळली. "बरं, माझी तर माझी. आणि गच्चीवर तुझ्या बायकोने पत्रे ठोकून जी अडगळीची खोली केलीये, ती काय चिमण्यांनी बांधली?"

"वन्सं, माझं नाव कशाला घेता?" वहिनींचा आवाज वर चढला. "आणि लिहायचंच असेल तर सगळंच लिहा साहेब. हिला विचारा, स्वयंपाकघरात बर्नर लावून काय भाजते ते. धंदा चालतो इथे! राहत्या घरात! काल माझ्या पिठाच्या डब्यावर एक दाढ होती."

सकाळची एकजूट चार मिनिटं टिकली. सून भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर वरचा मजला एकेका विटेने उतरत होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या हातात पाण्याचा पेला होता.

माणसाने सगळ्यांचं संपू दिलं.

"संडास, खिडकी, पत्रे, हे मी बाहेरूनच पाहिलं होतं," तो म्हणाला. "ते प्रत्येक घरात असतं. त्याला एक वेगळा, छोटा फॉर्म आहे. तुमची अडचण ती नाही. तुमचं घरच उलटं आहे."

"उलटं म्हणजे?"

"नकाशात डावीकडे दोन खोल्या, उजवीकडे तीन. तुमच्याकडे डावीकडे तीन, उजवीकडे दोन. नकाशात न्हाणीघर उजव्या कोपऱ्यात, तुमचं डाव्या. जिना, कोनाडा, मोरी, सगळंच. मापं मात्र इंचाइंचाने बरोबर आहेत." त्याच्या आवाजात थोडं कौतुक होतं. "एवढं अचूक चुकलेलं घर मी पाहिलं नाही."

"अशक्य," थोरले म्हणाले.

सून पुढे झाली. तोंडाचा साचा उलटा असतो, त्यात ओतलेलं सुलटं निघतं, हा तिचा रोजचा उद्योग होता. तिने माणसाच्या हातून नकाशा घेतला, तो खिडकीच्या काचेवर धरला आणि मागच्या बाजूने पाहिलं. उन्हात कागदावरच्या रेघा पलीकडून स्वच्छ दिसत होत्या. डावीकडे तीन खोल्या, उजवीकडे दोन, जिना जिथल्या तिथे.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "फक्त मागून."

मग एकदम आक्का हसायला लागली. इतकी हसली की तिला मोरीच्या कट्ट्यावर बसावं लागलं.

"अप्पा!" ती म्हणाली. "अगं, अप्पांनी केलं हे!"

अप्पा म्हणजे या तिघांचे वडील, हे घर ज्यांनी बांधलं ते. छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची अक्षरं उलटी असतात. तीस वर्षं ते उलटी अक्षरं सरळ वाचल्यासारखी वाचत होते. घरी आलेलं पत्र त्यांना वाचायला वेळ लागायचा, पण दाढी करताना मागच्या भिंतीवरची जाहिरात आरशात घडाघडा वाचत. नकाशा पारदर्शक कागदावर होता. घर बांधायला निघाल्यावर त्यांनी इंजिनियरला दुसऱ्याच दिवशी घालवून दिलं होतं, 'मला वाचता येतं' म्हणून.

"टेबलाच्या पलीकडून उभे राहून गवंड्याला सांगत होते," आक्का डोळे पुसत म्हणाली. "मी बारा वर्षांची. गवंडी म्हणाला, मालक, कागद पालथा आहे. अप्पा म्हणाले, तू मला वाचायला शिकवू नकोस."

"यात हसण्यासारखं काय आहे?" थोरले म्हणाले. वडिलांची चूक निघाली म्हणजे आपलाही वंश चुकला असा त्यांचा चेहरा झाला होता.

"मग आता?" सुनेने विचारलं. आता तिलाही पाणी हवं होतं, पण पेला नवऱ्याकडे होता.

"नियमात कमी आहे, जास्त आहे. उलट नाही," माणूस म्हणाला. "दोन मार्ग आहेत. एक, मी लिहितो, 'नकाशावरची इमारत जागेवर आढळली नाही.' फाइल बंद. दोन, आहे तसं घर मान्य करून घ्यायचं. त्यासाठी सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतील, कोण कुठल्या भागात हे स्पष्ट लिहून, माझ्यासमोर, आजच. कारण तुमच्या वाटणीपत्रामुळे घोटाळा होतोय."

"वाटणीपत्रात काय घोटाळा?" थोरल्यांनी विचारलं.

माणसाने फाइल चाळली. "'घराचा डावा भाग थोरल्यास, उजवा धाकट्यास, मागील खोली मुलीस, गच्ची सामायिक. सोबतच्या मंजूर नकाशाप्रमाणे.'"

"बरोबर. डावा माझा."

"नकाशाप्रमाणे, काका. नकाशात डावा भाग दोन खोल्यांचा आहे."

नवऱ्याने घोट गिळलेला अख्ख्या बोळात ऐकू आला.

"म्हणजे," नवरा म्हणाला. आज पहिल्यांदाच तो आपणहून बोलत होता. "म्हणजे तीन खोल्या आमच्या?"

"कागदोपत्री."

"बाळ," आक्का लगेच उठली. आक्काला लाइन कुठे जोडायची ते नेहमी इतरांच्या आधी कळायचं. "बाळ, मी तुला लहानपणी कडेवर घेतलंय. पुढची खोली मला देशील ना? मागे फार दमट होतं रे."

"आक्का, तू गप्प बस!" थोरले ओरडले. "वाटणी झाल्यापासून सहा वर्षं राहतोय आम्ही तिथे! रंग दिलाय मी!"

"रंग कसला, पिवळा," आक्का म्हणाली.

वहिनींनी मात्र सुनेकडे पाहिलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतरच्या चौदा वर्षांत तो हात पहिल्यांदा तिथे आला होता. "अगं, तुझ्या बोटांना किती मेण लागलंय," त्या म्हणाल्या. "गरम पाणी देऊ का?"

"सूनबाई समजूतदार आहे," थोरले घाईने म्हणाले. कालपर्यंत ते तिला कवळीवाली म्हणत. "तिला ठाऊक आहे, कागद म्हणजे सगळं नसतं."

"कागद म्हणजे काय असतं ते मला माहितीये, भाऊजी. चौदा खेपा घातल्यात त्यासाठी."

"ऐक ना," नवरा तिला ओढत स्वयंपाकघरात घेऊन गेला. त्याचे डोळे चमकत होते. "मजलाबिजला काही नको. तीन खोल्या! रस्त्याच्या बाजूच्या! तुझं टेबल मधल्या खोलीत लावू. फक्त सह्या करायच्या नाहीत. कोर्टात जाऊ."

तिने दारातून पलीकडे पाहिलं. तीन खोल्या. पिवळ्या. त्यांच्यासमोर चार पावलांचा बोळ, आणि बोळापलीकडे, तिच्या आत्ताच्या दोन खोल्यांत, थोरले, वहिनी, भूगोल. शेजारी आरशामागून ऐकणारी आक्का. आणि मध्ये हेच स्वयंपाकघर, हेच टेबल, हेच दीड वीत. सगळ्यांनी फक्त बाजू बदलायची. अप्पांनी घर एकदा पालथं घातलं होतं. हे दुसऱ्यांदा घालणं झालं. तरी घर तेच राहणार होतं.

"कोर्टात किती वर्षं जातील?" तिने विचारलं.

"आठ-दहा. पण खोल्या केवढ्या मोठ्या आहेत!"

"तू पाणी पी," ती म्हणाली आणि बाहेर आली.

"साहेब, लिहा," ती म्हणाली. "डावा, तीन खोल्यांचा भाग थोरल्यांचा. उजवा, दोन खोल्यांचा आमचा. जसे राहतोय तसे."

थोरल्यांनी श्वास सोडला. "मी म्हणालो नव्हतो? समजूतदार!"

"झालं नाही अजून, भाऊजी. गच्ची सामायिक नाही. गच्ची पूर्ण आमची. तिच्यावर जे उभं राहील ते आमचं. जिना बाहेरून, आमच्या बाजूने. वहिनींचे पत्रे पंधरा दिवसांत उतरतील."

"पूर्ण गच्ची?" वहिनींचा हात खांद्यावरून परत गेला. "आणि माझी अडगळ कुठे ठेवू?"

"तीन खोल्या आहेत की."

"आणि टाकी?" थोरले म्हणाले. "पाण्याची टाकी गच्चीवर आहे! माझा हक्क आहे टाकीवर!"

"टाकीचा हक्क ठेवा. टाकी आमच्या छपरावर जाईल. अजून वर. पाण्याला जोर येईल."

"हे म्हणजे दरोडा झाला."

"मग राहू द्या. साहेब, मला वाटणीपत्राची प्रत मिळेल? नकाशासकट?"

थोरल्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. आक्का म्हणाली, "मी सही करते, पण माझी खिडकी त्या छोट्या फॉर्ममध्ये घाला," आणि कुणी उत्तर द्यायच्या आत सही केली. हिशेब पटला की फोन जोडायला तिला कधी वेळ लागायचा नाही. मग थोरल्यांनी सही केली. पूर्ण नाव, हुद्दा, आणि त्याखाली 'निवृत्त' असं कंसात. इतक्या जोरात, की खालच्या दोन प्रतींवर कार्बनशिवाय उमटली.

उरला नवरा. तो पेला घेऊन दारात उभा होता.

"अर्धं घर दिलंस तू," तो म्हणाला. "एका मिनिटात. मला न विचारता."

"विचारते. सही करतोस?"

"नाही केली तर?"

"तर मी म्हातारीचे दात घेऊन तुझ्या त्या तीन खोल्यांत येईन. आणि दहा वर्षं रोज संध्याकाळी विचारीन, कोर्टाचं काय झालं."

त्याने पेला ठेवला आणि सही केली.

माणसाने तिन्ही प्रती फाइलमध्ये घातल्या आणि एका पावतीवर शिक्का मारून ती तिला दिली. नवा नंबर होता.

"म्हणजे परवानगी मिळाली?" तिने विचारलं.

"आता अर्ज सुरू झाला. आतापर्यंत तुम्ही नसलेल्या घरावर मजला मागत होता. आता असलेल्या घरावर मागताय." तो थोडा थांबला. मग पहिल्यांदाच हसला आणि खालची सगळी गर्दी दिसली. "पाहणीचा अहवाल अनुकूल आहे. दोन महिने लागतील. तीन नंबरच्या खिडकीवर या. पाचवर सांगतील तीनवर जा, तो वेळ वाचेल."

स्कूटर गेली. बोळात वहिनी मोठ्या आवाजात भांडी हलवायला लागल्या. आक्काने आरसा काढून खिडकी उघडली आणि शेजाऱ्यांना झाला प्रकार पहिल्यापासून सांगायला घेतला. मागे थोरले भूगोलाच्या प्रती एकेक करून बाहेर काढत होते, कारण आता त्यांना संडासात जायचं होतं.

सून गच्चीवर गेली. ऊन कडक होतं. टाकीजवळ विटांचे तुकडे पडले होते, त्यातला एक तिने उचलला आणि वाकून रेघ ओढायला सुरुवात केली. ही बाहेरची भिंत. इथे मधली. इथे ओटा. इथे टेबल, भिंतीपासून भिंतीपर्यंत. तिने पावलं मोजली, एक रेघ पायाने पुसली, दोन वितींनी पुढे सरकवून परत काढली. भिंत हलवायला कुणाची सही लागली नाही.

थोड्या वेळाने नवरा वर आला. रुसलेला होता, पण कुतूहलही होतं. तो सरळ तिच्याकडे चालत निघाला.

"भिंतीतून येऊ नकोस," ती मान वर न करता म्हणाली. "दार तिकडे आहे."

तो थबकला. खाली पाहिलं. वळसा घालून, दोन रेघांमधल्या मोकळ्या जागेतून आत आला आणि कुठे उभं राहावं ते न कळून टेबलाजवळ उभा राहिला. "इथे बरं वाटतंय," तो म्हणाला. "हवा आहे."

तेवढ्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या. थोरले. टाकीबद्दल अजून तीन मुद्दे होते आणि ते बोटांवर मोजतच वर येत होते. "हे बघ, पहिली गोष्ट म्हणजे टाकीचा पाइप—"

"भाऊजी," सून म्हणाली.

थोरल्यांचा पाय रेघेच्या जेमतेम बाहेर होता. त्यांनी खाली पाहिलं. गच्चीवर विटेने काढलेल्या चार तांबड्या रेघा होत्या, त्यांच्या आत त्यांचा धाकटा भाऊ होता, आणि बाहेर ते होते. ते तोंड उघडून काहीतरी म्हणणार होते. चौतीस वर्षांत कुठल्याही वर्गाच्या दाराशी त्यांनी परवानगी मागितली नव्हती. पाय मागे गेला.

"येऊ का?" ते म्हणाले.

"थांबा जरा," सून म्हणाली आणि पुन्हा ओट्याच्या रेघेवर वाकली. "कामात आहे."

आणि हेडमास्तर थांबले.